रिकाम्या जागेतल्या चार ओळी

लग्नपत्रिका हातात पडली की लोक आधी मुहूर्त बघतात, मी चुका बघते. दुकानांच्या पाट्या, देवळातल्या सूचना, ट्रकच्या मागची सुभाषितं, माझ्या तावडीतून काहीच सुटत नाही. हिला स्वर्गात नेलं तरी आधी दारावरची पाटी दुरुस्त करायला लावील, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो आणि मला त्याचा रागही येत नाही. अकोल्याच्या एका कॉलेजात मी पंचवीस वर्षं मराठी शिकवते आहे. इतकी वर्षं लाल पेन हातात राहिलं की ते स्वभावात उतरतंच.

अलीकडे मी वर्गात धडे कमी आणि कागद जास्त वाचून घेते. पोरांना सांगते, घरात येणारी पत्रकं आणा, जाहिराती आणा, मोबाइलवर फिरणारे निरोप आणा. मग एकेक कागद समोर ठेवायचा आणि विचारायचं, हे कोण म्हणतं? कशाच्या जोरावर म्हणतं? स्वतः पाहून म्हणतं की दुसऱ्याचं उचलून? पोरं सुरुवातीला आळस देतात, पण एकदा चटक लागली की कुणाला सोडत नाहीत. एकदा तर त्यांनी प्राचार्यांच्या सूचनेची चिरफाड केली. मी वरवर रागावले आणि घरी येईपर्यंत हसत होते.

माझं माहेर अमरावतीजवळ वलगावला. आमची फुलांची शेती आहे, झेंडू, शेवंती आणि बांधाकडे थोडा देशी गुलाब. भाऊ शेत सांभाळतो, वहिनी आणि माय तोडणी आणि निवड करतात. माय चौथी शिकलेली. सावकाश वाचते, ओठ हलवत वाचते, पण हाती आलेला कागद वाचल्याशिवाय फेकत नाही. बियाण्याच्या पाकिटावरचा बारीक मजकूरसुद्धा ती सोडत नसे.

सोडत नसे असं लिहिलं, कारण दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं. या दुखण्यात डोळा दुखत नाही, नजर कडेकडेने खात जाते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र रोजच्या औषधाने राखता येते. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, जन्मभर. माय तेव्हा मान डोलावून म्हणाली होती की देवाच्या दिव्याबरोबर हाही नेम करीन. मला वाटलं, प्रश्न मिटला.

दिवाळीनंतर आठेक दिवसांनी मी वलगावला गेले. माय ओसरीत शेवंती निवडत बसली होती. चांगली फुलं उजवीकडच्या टोपलीत, चुरडलेली डावीकडच्या. गप्पा मारता मारता माझं लक्ष गेलं, डावीकडची फुलं टोपलीत पडतच नव्हती. टोपलीच्या बाहेर, जमिनीवर, त्यांचा लहानसा ढीग झाला होता आणि मायला त्याचा पत्ता नव्हता. मी काही न बोलता आत गेले आणि फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात थेंबांच्या तीन बाटल्या उभ्या होत्या. तिन्हींचं सील जसंच्या तसं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मूर्तिजापूर ओलांडलं की माझी प्रमाण मराठी तशीही बसमध्येच राहून जाते. त्या दिवशी तर ती आठवलीसुद्धा नाही.

"माय, ह्या शिशा फोडल्याच नाई काय वं?"

"नाई. बंद केलं म्या थे."

"काहून?"

"आग होते, डोये लाल होतात, अन् फरक तं काईच नाई. गुलाबपान्याच्या घडीनं काचबिंदू जाते म्हंतात. घरचे गुलाब हायेत आपल्या. ओल्या कापडाची घडी डोयावर ठेवली का कसं गार वाटते."

वहिनी दारात उभी होती. हळूच म्हणाली, "ताई, मी लय सांगतलं. आयकतच नाई त्या."

"कोन म्हंते काचबिंदू जाते म्हणून?" मी विचारलं. वर्गात विचारते तो प्रश्न, पण वर्गातला आवाज नव्हता तो.

मायनं शांतपणे पदराला हात पुसले, आत गेली आणि पुरावे आणून माझ्यासमोर मांडले. एक पत्रक होतं, ते तिला मोझरीहून परतताना बसस्टँडवर कुणीतरी वाटताना मिळालं होतं. दुसरं एका दुकानाचं कॅलेंडर, त्याच्या एका पानामागे घरगुती उपाय छापलेले. तिसरा वहिनीच्या मोबाइलवर भजनी मंडळाच्या गटात आलेला निरोप. तिन्हींत गुलाबपाणी, तिन्हींत काचबिंदू.

"तीन ठिकानी हाये," माय म्हणाली. "तिघंबी खोटं बोलतीन काय?"

मग मी व्याख्यान दिलं. दावा म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, छापलं म्हणून खरं होत नाही, सगळं सांगितलं. आवाज चढत गेला. तू अडाण्यासारखी वागतेस, असं मी बोलून गेले. ज्या बाईनं पहाटे फुलं तोडून मला पुस्तकं घेऊन दिली तिला मी हे बोलले, आणि बोलताक्षणी मला कळलं की आता ही ऐकणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी. ती उठली, टोपली उचलली आणि म्हणाली, "तुह्या कालेजातल्या पोरायले शिकव हे." संध्याकाळी थेंबाची वेळ आली आणि गेली. माय गुलाबपाण्याची घडी डोळ्यांवर ठेवून खाटेवर पडून राहिली. मला तिची भीती वाटत नव्हती, तिच्यासाठी वाटत होती. रोज थोडी थोडी नजर जात होती आणि आम्ही कोण खरं यावर भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राग निवळल्यावर मी ते तिन्ही मजकूर ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि जे पोरांना करायला लावते ते स्वतः केलं. तिन्हींत पहाटे तोडलेला गुलाबच हवा होता. तिन्हींत पाणी मातीच्या भांड्यात ठेवायचं होतं. तिन्हींत कापड चार पदरी हवं होतं, तीन नाही की पाच नाही. आणि तिन्हींचं शेवटचं वाक्य शब्दाला शब्द एकच होतं, निसर्गाने फुलांच्या हाती दिलेले हे वरदान आहे. तीन माणसांनी आपापला अनुभव सांगितला असता तर एवढा सारखेपणा आला नसता. हे तिघे साक्षीदार नव्हतेच. एकाच कागदाच्या नकला होत्या त्या.

मी मायला हाक मारली. या वेळी व्याख्यान न देता मी नुसतं वाचून दाखवलं, आधी पत्रक, मग कॅलेंडर, मग मोबाइल. तिसऱ्या वेळी तेच वाक्य आलं तेव्हा मायच्या कपाळावर आठी पडली.

"हे तं एकाच तोंडचं हाये," ती म्हणाली.

मग ती एकदम बोलायला लागली. लग्न होऊन आली त्या सुमाराची गोष्ट. फुलांच्या बाजारात तेव्हा ती सासऱ्यांसोबत जायची. एका सकाळी तीन दलालांकडे भाव विचारला, तिघांनी एकच भाव सांगितला, आणि वर त्याच शब्दांत सांगितलं की नागपूरचा माल लय आलाय म्हणून उतरला. सासरे म्हणाले, तिघं म्हणतात म्हणजे खरंच असेल. मायनं त्यांना थांबवलं. भाव एक असू शकतो, पण बोलणं एक कसं? तिघांनी एकाच टपरीवर बसून चहा घेतलाय, ती म्हणाली. त्या दिवशी तिनं टोपल्या न विकता पुढच्या कोपऱ्यातल्या चौथ्याकडे नेल्या, आणि तो चौथा नागपूरच्या मालाचं नावही न घेता चांगला भाव देऊन गेला.

वर्षानुवर्षं मी फळ्यावर आकृत्या काढून जे शिकवते ते या बाईला बाजारानं शिकवलं होतं, तेही मी जन्मायच्या आधी. फक्त फुलांना लावलेला हा कस कागदाला लावायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. मी तिला अडाणी म्हणून मोकळी झाले होते.

"मंग पह्यलं तोंड कोनाचं?" मायनं विचारलं. "थे पाह्य. थे शहानं असंन तं तिघंबी शहाने."

प्रश्न बिनतोड होता. मी उत्साहानं सांगायला लागले की असे मजकूर कुठून सुरू झाले हे शोधणं अवघड असतं, कुणी नाव टाकत नाही, वगैरे. मायनं मला मध्येच तोडलं.

"अवघड काहून? तुह्याच पुस्तकात हाये ना थे. मले वाटलं तुले ठाऊक हाये. तुह्या पुस्तकात पाह्यलं म्हणून तं बाकीच्यायवर इश्वास बसला."

कपाटातून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली स्मरणिका काढली. सहा-सात वर्षांपूर्वी इथल्या फूलवाल्या बायांच्या गटानं ती काढली होती आणि गावची शिकलेली मुलगी म्हणून संपादनाचं काम मी केलं होतं. मायनं खूण घातलेलं पान उघडलं. एका लेखाखाली चौकट होती. पहाटे तोडलेला गुलाब, मातीचं भांडं, चार पदरी कापड. "या उपायाने डोळ्यांचे विकार दूर होतात, असा जाणत्यांचा अनुभव आहे. निसर्गाने फुलांच्या हाती दिलेले हे वरदान आहे."

एकदम सगळं आठवलं. छापखान्यातून फोन आला होता, बाई, त्या पानावर खाली जागा उरतेय, चार ओळी द्या. माझ्यापुढे गटातल्या एका म्हातारीनं वहीच्या पानावर लिहून दिलेला मजकूर होता. ती आता नाही, जाऊन तीन वर्षं झाली. तिनं लिहिलं होतं की पहाटे दंवात फुलं तोडून डोळे चुरचुरतात, मग मी गुलाबपाण्याची घडी ठेवते, गार वाटते. एवढंच. गार वाटते यावर तिचं म्हणणं संपत होतं. मला ते फार लहान वाटलं, बाळबोध वाटलं. चार ओळी भरायच्या होत्या. म्हणून मी तिच्या चुरचुरण्याचे विकार केले, गार वाटण्याचं दूर होणं केलं, तिच्या एकटीच्या जागी जाणते आणून बसवले, आणि वर वरदानाचा तुरा खोवला. जाणते म्हणून कुणीही नव्हतं. मग पुढच्या कुणीतरी विकार या मोघम शब्दाच्या जागी काचबिंदू घातला, कारण मी त्याला तेवढी मोकळी जागा करून ठेवली होती. चौकटीत ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. मी ती तीनदा तपासली होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी मायला सगळं सांगितलं. म्हातारीनं काय लिहिलं होतं, मी काय केलं, काहीच लपवलं नाही. सांगताना मला रडू येत होतं आणि माझी मलाच चीडही येत होती.

मायनं स्मरणिकेतल्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या बाईनं खोटं नाई सांगतलं. खोटं तू बोलली."

"हो माय."

"मंग आता थेंब टाक असं तू म्हंते, थे तरी काहून मानू?"

काल जो प्रश्न कागदांना विचार म्हणून मी ओरडून ओरडून तिचं डोकं उठवलं होतं तोच तिनं विचारला होता, आणि योग्य माणसाला विचारला होता. शेवटी मी म्हटलं, माझं मानू नको. डॉक्टरीणबाईकडे चल. पहिल्या दिवशी तपासणीचा कागद निघाला होता, आज नवा काढू. दोन्ही तुझ्या हातात देते. तुला काय दिसतं ते बघ.

ती लगेच हो म्हणाली नाही. दुपारी शेवंतीच्या ओळीत एक फेरी मारून आली, हातपाय धुतले, चांगलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चाल."

त्या तपासणीत एका यंत्रासमोर बसवतात. समोर बारीक दिवे लुकलुकतात आणि दिसला की बटण दाबायचं असतं. शेवटी छापील कागद निघतो, त्यावर एक गोल. जिथं दिवा दिसला ती जागा पांढरी, दिसला नाही ती काळी. माय यंत्रावरून उठली तेव्हा घामाघूम झाली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. त्या काही बोलणार तेवढ्यात मी डोळ्यांनी विनंती केली आणि त्या थांबल्या.

मायनं चष्मा पुसला. डाव्या डोळ्याचा जुना गोल बघितला, मग नवा. पुन्हा जुना. तिच्या बोटानं नव्या कागदावरच्या काळ्या डागाची कड गिरवली.

"हे वाढलं," ती म्हणाली. "उजव्या डोयाचं तेवढंच हाये. डाव्याचं वाढलं."

मग तिनं डॉक्टरीणबाईंना प्रश्नांवर प्रश्न विचारले. थेंब टाकले असते तर वाढलं नसतं हे कशावरून? तुम्ही स्वतः किती जणांत पाहिलं? आग होते ती कमी करता येते का? बाहेर रांग होती, तरी बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, सगळ्यांचं थांबतंच अशी हमी मी देणार नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं थांबलंय, आणि ज्यांनी सोडलं त्यांचं वाढलेलं मी पाहिलंय. आगीसाठी त्यांनी औषध बदलून दिलं. गुलाबपाण्याचं मायनं स्वतःच विचारलं. मिटलेल्या डोळ्यांवर स्वच्छ कापडाची घडी ठेवा, गार वाटेल, बाई म्हणाल्या, पण काचबिंदूला त्याचा काही उपयोग नाही. माय माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य, त्या म्हातारीनं बी येवढंच सांगतलं होतं."

त्या संध्याकाळी तिनं सील फोडलं. थेंब वहिनीनं टाकले. मला तो मान मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही.

पुढच्या स्मरणिकेत खुलासा छापायचा असं मी ठरवलं. मी मसुदा केला तो असा, की मागील अंकातील एका मजकुरात अनवधानाने अतिशयोक्ती झाली होती. मायला वाचून दाखवला.

"अनवधान म्हंजे?"

"म्हंजे चुकून."

"चुकून कुठं? जागा भराची होती म्हणून लिवलं ना तू?"

मी ते वाक्य खोडलं. खुलाशात लिहिलं की जागा भरायची होती म्हणून मी एका बाईच्या साध्या अनुभवात माझ्या पदरचं घातलं, जाणते कुणी नव्हते, डोळ्यांचं औषध कुणीही बंद करू नये. खाली माझं पूर्ण नाव टाकलं. वहिनीनं तोच मजकूर भजनी मंडळाच्या गटात टाकला. पहिल्यासारखा तो गावोगाव फिरला नाही, खऱ्याला तेवढे पाय नसतात. पण मंडळातल्या दोन बायांनी वहिनीला फोन करून विचारलं की आमचेही थेंब बंद आहेत, काय करावं. त्यातली एक मायबरोबर अमरावतीला जाऊनही आली. वर्गात मी हा सगळा प्रकार पोरांना सांगितला, नाव न लपवता. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मंग आता तुमच्या नोट्स बी तपासाव्या लागतीन." तपासा म्हटलं. तपासताहेत. दोन ठिकाणी मला पकडलंही आहे.

गेल्या आठवड्यात सहा महिन्यांची तपासणी होती. मी अकोल्याहून पहाटेची गाडी धरून गेले. वाढलं असेल तर ती माझ्या चार ओळींची किंमत, हे मनातून जात नव्हतं. यंत्रातून कागद निघाला तसा मायनंच हात पुढे करून घेतला. पिशवीतून मागचा काढला, दोन्ही टेबलावर लावले आणि चष्मा सरसा करून वाकली. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, आता त्यांनाही या बाईची सवय झाली आहे. मी मायच्या तोंडाकडे बघत होते.

"वाढलं नाई," माय म्हणाली.

मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवून हो म्हटलं. मी मायचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला आणि दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले.

"तू बी पाहून घे," ती म्हणाली. "माह्या सांगन्यावर जाऊ नको."

मी कागद घेतले. आधी काहीच दिसेना, डोळे भरून आले होते. पदरानं पुसले आणि पुन्हा बघितलं, कडेकडेनं, सावकाश. डाग होता तेवढाच होता.